सही तुमची, होकार त्यांचा

प्रश्न : रत्नागिरीजवळ माझा आमरसाचा कारखाना आहे. वय ५८, पत्नी जाऊन सहा वर्षे झाली. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या बाईंमध्ये मन गुंतले आहे. डब्यावरच्या लेबलाचा मजकूर तपासताना आम्ही दोघेही रेंगाळतो. विचारू का?

उत्तर : विचारा, पण कारखान्याबाहेर आणि एकदाच. त्यांचे बिल तुमच्या सहीने निघते, त्यामुळे नकार देणे त्यांना जड जाईल. ती सही आधी दुसऱ्याकडे सोपवा. (रेंगाळण्याचा अर्थ मात्र तुम्ही एकट्याने लावला आहे.) दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, नसल्यास आधी नेमा. नकार आला, तरी येत्या हंगामाचे काम त्यांच्याकडेच राहील, हे विचारण्यापूर्वीच लेखी द्या.