बाळंतपणानंतरही न उतरलेला रक्तदाब

प्रश्न : बाळंत होऊन चार महिने झाले, तरी रक्तदाब १५०/१००. लघवीला फेस येतो. सासूबाई म्हणतात, जागरणानं होतं. – एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, जागरणावर ढकलू नका. या समजुतीपायी वेळ गेलेल्या बायका मी पाहिल्यात. गरोदरपणातला रक्तदाब बहुधा १२ आठवड्यांत उतरतो. तुमचा उतरला नाही, वर फेस. मूत्रपिंडं तपासायलाच हवीत. लघवीतली प्रथिनं, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ), सोनोग्राफी याच आठवड्यात करा. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या आहेत, डॉक्टरांना तसं सांगा. पेजेबरोबरचा खारा बांगडा, मिठातल्या कैऱ्या सध्या बंद. कंबरदुखीवर मनानं वेदनाशामक नको. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मध्यरात्रीही १०८ला फोन करा.