ख्रिस्ती लोकांच्या ‘आत्मिक लढाईत’ प्रार्थनेचं नेमकं काम काय?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात मैत्रिणीबरोबर एका उपास-प्रार्थनेला गेला होता. तिथे सगळे हात उंचावून मोठमोठ्याने सैतानाला धमकावत होते आणि एका बाईला ‘विश्वास असेल तर शुगरच्या गोळ्या बंद कर’ असं सांगितलं गेलं. मग प्रार्थना हे शस्त्र आहे का, आणि आवाज जितका मोठा तितका तिचा जोर जास्त का, हा तुमचा प्रश्न.

मी नागपुरातल्याच सदर भागात वाढले, आमच्या घरातली ख्रिस्ती विश्वासाची ही तिसरी पिढी. आधी गोळ्यांचं सांगते, कारण ते तातडीचं आहे. त्या बाईंशी तुमची ओळख असेल तर आजच फोन करा आणि गोळ्या चालू ठेवायला सांगा. बायबलमधली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. स्वतः पौलाने आपल्या ‘शरीरातला काटा’, म्हणजे सतत छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही, आणि त्याला कोणी अविश्वासी ठरवलं नाही.

आता आत्मिक लढाई, म्हणजे सैतानाविरुद्धची विश्वासातली लढाई. हा विषय मुख्यतः ज्या उताऱ्यावर उभा आहे तो म्हणजे इफिसकरांस पत्र, 6 वा अध्याय, वचनं 10 ते 20. पौल तेव्हा कैदेत होता. शिपायाच्या अंगावरची एकेक वस्तू तो घेतो: सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेची तयारी, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचं वचन. प्रार्थनेला मात्र तो एकही वस्तू जोडत नाही. ती येते सगळं अंगावर चढवून झाल्यावर, 18 व्या वचनात, आणि तिच्याबरोबर शब्द येतो ‘जागृत राहा’. गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना हेच सांगितलं होतं, जागे राहा आणि प्रार्थना करा. ते झोपले. थोड्याच वेळात येशूला धरायला शिपाई आले तेव्हा त्याच शिष्यांतल्या पेत्राने खरीखुरी तलवार उपसली आणि एकाचा कान कापला. मला तो प्रसंग फार बोलका वाटतो. जो प्रार्थनेच्या वेळी झोपला, त्यानेच नको त्या माणसावर वार केला.

माझ्याकडून हेच झालं, म्हणून इतकं ठामपणे लिहितेय. बाबा गेल्यावर घराच्या वाटणीवरून माझं आणि मोठ्या भावाचं फाटलं. दावा कोर्टात गेला. मे महिना होता. कुलरच्या घरघरीत झोप लागायची नाही, म्हणून पहाटे पाचला स्वयंपाकघरात पाटावर बसून मी प्रार्थना करायचे, आणि अगदी युद्धाच्या भाषेत. प्रभू, त्याचे डाव मोडून टाक, त्याचं तोंड बंद कर. मला वाटायचं मी लढतेय. आमची आत्या तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. एक दिवस ती माठातलं पाणी घ्यायला उठली, दारात उभी राहून ऐकत राहिली आणि म्हणाली, “कावून व, देवापुढं बसून भावाले हाणून राहिली का?” मग तिने मला त्याच उताऱ्यातलं 12 वं वचन वाचायला लावलं: आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. मी म्हटलं, माहीत आहे मला. ती म्हणाली, “माहीत हाये तं भाऊ कशाचा बनला हाये, सांग.”

त्या दिवसापासून मी शब्द बदलले. भावाचं नाव तेच, पण त्याच्या तब्येतीसाठी, त्याच्या पोरीच्या परीक्षेसाठी. पहिले काही आठवडे ते शब्द घशातून बाहेर यायचे नाहीत. खरी लढाई मला तिथे कळली. सैतानाला माझ्या घराची वाटणी नको होती, त्याला हवा होता माझ्या मनातला तो कडवटपणा, जो मी रोज पहाटे प्रार्थना म्हणून वाढवत होते.

त्या उताऱ्यात पौल ‘टिकून राहा’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो. कुणावर चाल करून जा, असं नाही. आणि शेवटी तो स्वतःसाठी काय मागतो ते बघा. तो बेड्यांत आहे, पण बेड्या तुटू देत असं तो म्हणत नाही. मला धैर्याने बोलता यावं म्हणून माझ्यासाठी विनवणी करा, म्हणतो. येशूनेही पेत्राला सांगितलं होतं की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. चाळणी थांबली नाही. पेत्राने त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं, पण नंतर तो परत उभा राहिला.

म्हणून ही लढाई मुख्यतः दुसऱ्यासाठी, आणि एकत्र लढायची असते. जुन्या करारात इस्राएल लोकांची अमालेकाशी लढाई चालू असताना त्यांचा पुढारी मोशे हात वर करून उभा होता; त्याचे हात दुखून खाली यायला लागले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत. आवाजाचा तिथे उल्लेखही नाही. मोठ्याने प्रार्थना करणं चूक नाही. दुःखात माणूस ओरडतोच, स्तोत्रांत तर किती आक्रोश आहे. पण ओरडण्याने देवाचं लक्ष जास्त जातं, असं कोणी सांगितलं तर मानू नका.

माझा दावा अजून चालू आहे. मागच्या तारखेला कोर्टाबाहेर भावाने मला विचारलं, “चहा घेतेस का?” आम्ही टपरीवर उभे राहिलो, फार बोललो नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. जमलं तर आम्हा दोघांसाठी प्रार्थना करा.