मॅटप्लॉटलिब नवीन टाकल्यावर स्तंभालेखातली महिन्यांची नावं सरकली, जुनं व्हर्जन परत टाकू का?

तुमच्याकडे उजनी धरणाच्या महिनावार साठ्याचा स्तंभालेख मॅटप्लॉटलिबने (पायथनमध्ये आलेख काढायची लायब्ररी) काढणारा 2016 सालचा प्रोग्रॅम आहे. नव्या लॅपटॉपवर तो आधी 'एनपी डॉट फ्लोट'वर अडला, मग 'होल्ड'वर. दोन्ही दुरुस्त केल्यावर आलेख आला, पण महिन्यांची नावं उजवीकडे सरकलेली.

जुनं व्हर्जन टाकू नका. मी सोलापूरचाच, आणि अगदी असाच आलेख माढ्याच्या नातेवाइकांना दर महिन्याला पाठवतो. माझाही असाच बिघडला होता.

त्या दोन एररची दुरुस्ती एकदा तपासा. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या 1.24 व्हर्जनपासून एनपी डॉट फ्लोट काढून टाकलंय. ते पायथनचं साधं फ्लोटच होतं, म्हणून तिथे नुसतं फ्लोट लिहायचं. घाईत फ्लोट32 लिहिलं असेल तर बदला, त्यात सातेक अंकांपुढची अचूकता जाते. होल्ड, म्हणजे आधीच्या चित्रावरच पुढचं काढायचं की नाही हे सांगणारी आज्ञा, मॅटप्लॉटलिब 3.0 मध्ये गेली. 'होल्ड ट्रू' असेल तर ओळ खोडली की झालं, कारण आता तसंच गृहीत धरतात. 'होल्ड फॉल्स' असेल तर मात्र नवं चित्र काढण्याआधी आधीचं स्वतः पुसावं लागतं.

खरी अडचण तिसरी आहे, कारण तिथे एररच येत नाही. मॅटप्लॉटलिब 2.0 येईपर्यंत स्तंभाची डावी कड दिलेल्या आकड्यावर बसायची. 2.0 पासून, म्हणजे 2017 पासून, स्तंभाचा मध्य तिथे बसतो. स्तंभाची रुंदी न सांगता 0.8 असते, म्हणून नाव मध्यावर यावं यासाठी आपण सगळे 0.4 मिळवायचो. तुमच्या कोडमध्येही नावांच्या ओळीत ते 0.4 असणार. आता स्तंभ आपोआप मध्यावर आलाय आणि नाव त्याच्या उजव्या कडेला जाऊन बसलंय, मे आणि जूनच्या मधल्या फटीत.

उजनीच्या बाबतीत हे फार महागात पडतं. एकूण 117 टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जवळपास 53.5 टीएमसीच उपयुक्त साठा, आणि टक्केवारी त्यावर काढतात. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून धरण मायनसमध्ये जातं तेव्हा स्तंभ शून्याखाली लोंबतात. मायनस मेचं की जूनचं, हे नाव सरकल्यामुळे कळत नाही. उसाच्या आवर्तनाचा अंदाज त्यावर बांधणाऱ्याला आपण चुकीचं चित्र देतो.

उपाय म्हणजे ते 0.4 काढून टाका. पण दोन वर्षांचे स्तंभ शेजारी शेजारी काढत असाल तर नुसतं तेवढ्याने जुळणार नाही. तिथे 0.4 तसंच ठेवून दोन्ही स्तंभांच्या ओळींत 'अलाइन'ला 'एज' द्या, जुना हिशेब जसाच्या तसा बसतो. 'क्लासिक' स्टाइल लावून बघितली असेल, तर त्याने जुने रंग परत येतात, स्तंभांची जागा येत नाही. त्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या.

दुरुस्तीनंतर एक चाचणी करा. फक्त मे महिन्याला 100 द्या, बाकी अकरा महिने शून्य. एकुलता स्तंभ 'मे'च्या बरोबर वर उभा राहिला पाहिजे. मग मेला उणे 20 देऊन पुन्हा बघा. जुना छापील आलेख हाताशी असेल तर तोही शेजारी ठेवून एकेक महिना ताडून बघा.

तरीही जुळलं नाही तर स्तंभ काढणारी आणि नावं लावणारी, एवढ्या दोनच ओळी इथे टाका, मी बघतो.