हवामान बदलावर सरकारं नुसती भाषणंच करतात की कुठे खरंच काम झालंय?

हो झालंय ना, शेजारच्या अहमदाबादलाच. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेच्या वर जास्त माणसं गेली, मग २०१३ ला महापालिकेने हीट ॲक्शन प्लॅन आणला, म्हणजे ४५ च्या पुढचा अंदाज आला की रेड अलर्ट, मोबाईलवर मेसेज, दवाखान्यांना आधीच सूचना, आणि पुढे वस्त्यांमधल्या तापलेल्या पत्र्यांवर पांढरा चुना (साधा चुना, पण खाली झोपणाऱ्याला फरक पडतो!). २०१८ च्या एका अभ्यासात वर्षाला सरासरी हजाराच्या वर मृत्यू टळले असा अंदाज आहे. फक्त एवढंच की याने जीव वाचतात, कार्बन कमी होत नाही, त्यासाठी भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत नेट झिरोची (म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढाच परत काढून घ्यायचा) तारीख दिली ती २०७० ची, आणि मला ती फारच लांबची वाटते.