साडेनऊ हजारांत स्टिअरिंग किती?

हिशेबाच्या काकू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काकू, मी २३ वर्षांची आहे, परळला राहते. स्कूटर घ्यायची आहे, आणि बाबांची जुनी मारुती इमारतीखाली धूळ खात उभी असते, तीही चालवायला शिकायची आहे. जवळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलने ९,५०० सांगितले : दोन्हींचं लायसन्स आणि २० दिवस रोज अर्धा तास शिकवणी, सगळं धरून. ऑफिसातला एक जण म्हणतो, त्याचा एजंट ४,००० मध्ये काम करून देतो, शिकायचीही गरज नाही. बाबा म्हणतात त्यांचं शे-दोनशेत झालं होतं. शिवाय माझ्या आधार कार्डावर अजून सावंतवाडीचा पत्ता आहे, त्यामुळे तिकडेच जावं लागेल असंही कानावर आलंय. खरा खर्च किती?
– एक वाचक, परळ

उत्तर : आधी सरकारचं देणं बघू, ते पटकन संपतं. लर्निंगचे, म्हणजे शिकाऊ लायसन्सचे, प्रत्येक प्रकारच्या गाडीमागे १५०, म्हणजे दुचाकी आणि कारचे ३००. लर्निंगच्या परीक्षेचे ५०. पुढे पक्क्या लायसन्सची टेस्ट, तिचे गाडीमागे ३००, म्हणजे ६००. लायसन्स देण्याचे २००. बेरीज १,१५०. हे दर केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१६ मध्ये वाढले, त्यामुळे बाबांचंही खोटं नाही. यावर कार्डाचे आणि स्पीड पोस्टचे चढतात, तरी १,५०० च्या आत बसतं. सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर अर्ज भरलास की पैसे भरायच्या आधी आकडा समोर येतो, तोच धरायचा. साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, तेवढं मात्र बघ. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट असतात.

मग ९,५०० मधले उरलेले ८,००० कशाचे? त्यासाठी माझी फजिती ऐकावी लागेल.

२०२१ सालचा पाऊस सरल्यावर, वयाच्या ५२ व्या वर्षी मी गाडी शिकायला घेतली. जन्मभर बँकेत कॅशवर बसलेली बाई, त्यामुळे स्कूलकडून साडेसहा हजारांची पावती घेतली, दिवस मोजून घेतले. रोज सकाळी सात वाजता शिवाजी पार्कला गाडी यायची. मागच्या सीटवर आधीच्या वेळेचा मुलगा बसलेला असायचा, त्याला माहीमला सोडायचं. मग पुढच्या वेळेच्या काकांना प्रभादेवीहून उचलायचं. म्हणजे माझ्या अर्ध्या तासात मी फुकटची ड्रायव्हर आणि मास्तर फोनवर. पण मला वाटायचं, काय छान जमतंय! गाडी एकदाही बंद पडली नाही, सिग्नलला एकदाही धक्का बसला नाही. टेस्टही पास झाले, स्कूलच्याच गाडीवर. कार्ड आलं, देवापुढे ठेवलं, मजल्यावर पेढे वाटले.

पुढच्या रविवारी ह्यांना शेजारी बसवून आमची गाडी काढली. टिळक पुलाच्या चढावर पुढची टॅक्सी थांबली, मी थांबले, आणि निघताना गाडी बंद. चालू केली, परत बंद. तिसऱ्या वेळी ती चक्क मागे सरकायला लागली, आणि मागे बेस्टची बस. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मावशी, आधी हँडब्रेक ओढा. मग सावकाश. मला घाई नाय." ह्यांनी घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही, ते जास्त लागलं.

संध्याकाळी भाच्याने उलगडा केला. स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. मी वीस दिवस क्लच दाबत होते, पण तो हळू सोडायचं काम मास्तरांचा पाय करत होता. माझा डावा पाय तिथे पाहुणा म्हणून आला होता.

मग दुसऱ्या एका मास्तरांना आमच्याच गाडीवर शिकवायला बोलावलं. सहा सकाळी, ३,००० रुपये. त्यातल्या दोन सकाळी आम्ही टिळक पुलावरच काढल्या. गाडी मी त्या ३,००० मध्ये शिकले. आधीच्या साडेसहा हजारांत मला कार्ड मिळालं.

आता तुझे ८,०००. वीस अर्धे तास म्हणजे १० तास, तासाला ८०० पडले. मुंबईत पेट्रोल, गाडी, माणूस धरून ते लुबाडणं नाही म्हणता येणार. पण ते १० तास खरोखर तुझे आहेत का, हे पैसे देण्याआधी विचार. मागच्या सीटवर कोणी बसणार का? शेवटचे पाच दिवस बाबांच्या मारुतीवर शिकवाल का, जिला मास्तरांच्या बाजूला क्लच नाही? टेस्टच्या दिवशी गाडी ह्याच पैशांत आणणार की त्याचे वेगळे? नापास झाले तर पुन्हा गाडी आणायचे किती? उत्तरं पावतीच्या मागे लिहून घे. लिहिताना स्कूलवाल्याचा चेहरा बघ, निम्मं तिथेच कळतं.

स्कूटर त्यांच्याकडे शिकायचीच कशाला? मैत्रिणीच्या स्कूटरवर शीक आणि स्कूलला सांग, मला फक्त कारचं करायचंय, किती कमी कराल? काहीच कमी होत नाही म्हणाले, तर दुचाकीचे पैसे नुसतेच लावले होते, हे तुझं तुला समजेल.

दुचाकीचा अर्ज भरताना मात्र एक चूक करू नकोस. 'विनागियर' आणि 'गियरसह' असे दोन वेगळे प्रकार आहेत. आज स्कूटरच चालवायची म्हणून विनागियर घेतलंस आणि दोन वर्षांनी बाइक घ्यावीशी वाटली, तर पुन्हा लर्निंगचे १५०, परीक्षेचे ५०, टेस्टचे ३०० आणि नवा प्रकार जोडायचे ५००, असे १,००० रुपये जातात. गियरसह घेतलंस तर त्यावर स्कूटरही चालते. टेस्ट मात्र गियरच्या बाइकवर द्यावी लागेल, तेव्हा एखाद्या चुलतभावाला आधीच पटवून ठेव.

४,००० वाल्याबद्दल फार लिहीत नाही. त्यातले जेमतेम १,५०० सरकारचे, उरलेले २,५०० अर्ज भरायचे आणि तारीख घ्यायचे. ही दोन्ही कामं तू लोकलमध्ये बसल्या बसल्या फोनवर करशील. लर्निंगची परीक्षा आधारवरून घरबसल्या देता येते, ही सोय आपल्याकडे जून २०२१ पासून आहे. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावर येतो. चिन्हं आदल्या रात्री नीट बघ. 'थांबण्यास मनाई' आणि 'गाडी उभी करण्यास मनाई' ह्या दोन गोल पाट्यांत माझा एक प्रश्न चुकला होता. आणि 'आतलं आम्ही बघून घेतो' असं कोणी म्हणालंच, तर चहा अर्धा टाकून ऊठ. टिळक पुलावर गाडी मागे सरकते तेव्हा आतलं बघणारा शेजारी बसलेला नसतो.

सावंतवाडीला जायची गरज नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून राज्यातल्या कुठल्याही आरटीओत अर्ज करता येतो. परळहून तुला ताडदेव सोयीचं. मेख वेगळीच आहे. अर्जावर जो पत्ता, त्याच पत्त्यावर कार्ड पोस्टाने जातं. आधारवरून अर्ज केलास तर कार्ड सावंतवाडीला पोहोचेल. तिकडे आजी-आजोबा असतील तर त्यांना सांगून ठेव. घर बंद असेल तर आधी आधारवरचा पत्ता बदल, नाहीतर कार्ड परत जाईल आणि ते सोडवायला एक रजा जाईल. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ह्या सरकारी ॲपमधलं लायसन्स दाखवलं तरी कायद्याने चालतं.

रजेवरून आठवलं, टेस्टच्या दिवशीची अर्धी रजा हिशेबात धर. लर्निंग हाती आल्यापासून ३० दिवस टेस्ट देता येत नाही, आणि लर्निंग सहा महिनेच चालतं. माझ्या पुतण्याने लर्निंग काढलं आणि मग आज पाऊस, उद्या गणपती, परवा ऑडिट करत सहा महिने घालवले. सगळे पैसे पुन्हा भरले. टेस्टमध्ये नापास झालीस तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, दर वेळी ३००. तीनदा नापास झालं तर साठ दिवस थांबवतात. आणि लर्निंगवर मारुती काढशील तेव्हा पुढे-मागे लाल 'एल' आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच. बाबांना म्हणावं, शे-दोनशेत मिळालेलं तुमचं लायसन्स आता कामाला येऊ द्या. फक्त त्याची मुदत संपलेली नाही ना, ते आधी बघ.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा आहे, आता अकरावीला. मित्रांकडून ऐकून आला आहे की १६ व्या वर्षी स्कूटरचं लायसन्स मिळतं. '१५० रुपयांचा तर प्रश्न आहे, आई' म्हणतो. काढून द्यावं का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : लायसन्स मिळतं हे त्याचं खरं आहे, तुमच्या संमतीने. पण ते ५० सीसीपर्यंतच्या विनागियर दुचाकीचं. त्याच्या डोळ्यांसमोर जी स्कूटर आहे ती ११० नाहीतर १२५ सीसीची असणार. ती चालवताना सापडला, तर लायसन्स खिशात असून नसल्यासारखंच. मग १५० चा प्रश्न राहत नाही. पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लर्निंगही मिळत नाही. हे शेवटचं त्याला जेवताना सांगा. मुलांना दंडाचं काही वाटत नाही, बाइकविना पंचविशी मात्र लागते.

बॅटरीवरच्या, २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या गाडीला लायसन्स लागत नाही. दुकानदार सगळ्याच गाड्यांना 'लायसन्स नको' म्हणतो, तेव्हा हे दोन आकडे कागदावर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर लोकलचा विद्यार्थी सवलतीचा पास आहेच.

प्रश्न : माझं वय ४४. पहिल्यांदाच लायसन्स काढतोय. डॉक्टरचा दाखला लागेल का, आणि लायसन्स किती वर्षं चालेल?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : लागेल. चाळिशी ओलांडली की नमुना १-ए मधला वैद्यकीय दाखला हवा. आमच्या डॉक्टरांनी त्याचे २०० घेतले आणि वर रक्तदाबाची गोळी लिहून दिली. तुमचं लायसन्स १० वर्षं चालेल. तिशीच्या आतल्यांना ते वयाच्या चाळिशीपर्यंत मिळतं, पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारखीला साठीपर्यंतच. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरण करा. वर्ष उलटलं तर टेस्ट पुन्हा द्यावी लागते. माझी तारीख २०२९ मधली आहे. तेव्हाची डायरी अजून बाजारात आलेली नाही, म्हणून चिठ्ठीवर लिहून ती लोणच्याच्या कपाटाला आतून चिकटवली आहे.