परदेशी संस्थांच्या औषधचाचण्यांत आपले पेशंट म्हणजे नुसते गिनिपिग असतात का?

मी पुणे जिल्ह्यात टीबीच्या एका आंतरराष्ट्रीय ट्रायलमध्ये काही वर्षं कोऑर्डिनेटर होते. 'पैसा परदेशी, पेशंट आपले, मग आपण गिनिपिगच ना?' हा तुमचा प्रश्न मला सासरच्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. भीती बिनबुडाची नाही. पण आतून काय दिसतं ते सांगते.

माझे पहिले दोन महिने संमतीपत्राच्या मराठीतच गेले. प्रोटोकॉल सगळ्या देशांत एकच, भाषा ज्याची त्याची. कुणाला कुठलं औषध हे डॉक्टर नाही, कॉम्प्युटर ठरवतो. त्याला शासकीय मराठीत 'यादृच्छिक' म्हणतात, जे मलाच धड उच्चारता येत नाही. मी 'सोडत' लिहिलं, म्हाडाच्या घरांची असते तशी. हे मराठी दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून ट्रायल चालवणाऱ्या परदेशी संस्थेकडे पाठवायचं असतं. तिथे पोचलं 'लॉटरी'. लगेच विचारणा आली, तुम्ही पेशंटना बक्षीस कबूल करताय का? शेवटी 'छापा-काटा' ठेवलं. रक्त 'दोन चमचे' लागेल असंही लिहिलं होतं. एका आजींनी विचारलं, "चहाचा चमचा का भाजीचा डाव?" चमचा आणून दाखवला, तेव्हा कुठे अंगठा उठला. (वाचता न येणाऱ्यांसाठी त्रयस्थ साक्षीदार बसवावाच लागतो.)

आता गिनिपिगचं. एचआयव्हीचा 'एचपीटीएन ०५२' अभ्यास घ्या. ९ देशांतली १,७६३ जोडपी, एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही. त्यात पुणे आणि चेन्नईही होतं. साधारण निम्म्यांना औषधं लगेच, बाकीच्यांना सीडी४ (रोगप्रतिकार करणाऱ्या) पेशी ठरावीक पातळीपर्यंत घसरल्यावर. तेव्हाची रीतच तशी होती. २०११ मध्ये देखरेख मंडळाने आकडे पाहिले. जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिराच्या गटात! निकाल तातडीने जाहीर झाला आणि त्या गटालाही औषधं देऊ केली. ते २७ जण मला अजून टोचतात. पण एकाच देशात एवढी जोडपी जमवत बसलो असतो तर उत्तर कधी मिळालं असतं कोण जाणे.

माझा राग आहे तो पुढच्या दिरंगाईवर. निदान होताच औषध सुरू करा, हे जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांसाठी सांगितलं २०१५ मध्ये, आणि आपल्याकडे धोरण आलं २०१७ मध्ये.

घरच्या कुणाला ट्रायलसाठी विचारलं असेल तर एवढं विचारून घ्या: ट्रायल संपल्यावर औषध कोण देणार? रक्ताचे नमुने देशाबाहेर जाणार का, किती वर्षं ठेवणार? ट्रायल मधेच सोडता येते, आणि सोडली म्हणून दवाखान्याला तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. आणि सीटीआरआयचा (भारतातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. तो द्यायला आढेवेढे घेतले तर सही करू नका.