इंग्रजीत 'बोर्ड' या एकाच शब्दाचे इतके वेगवेगळे अर्थ कसे काय?

फळाही बोर्ड, संचालक मंडळही बोर्ड, राहण्याजेवण्याची सोय म्हणजे बोर्डिंग आणि विमानात चढायचं तरी बोर्डिंगच. हे लक्षात कसं ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय 'ऑन बोर्ड' आणि 'ऑन द बोर्ड' यांत फरक काय, हेही.

अर्थांची यादी पाठ करू नका, ती टिकत नाही. मुळात 'बोर्ड' म्हणजे लाकडी फळी, तिथून सुरुवात करा. ब्लॅकबोर्ड, नोटिस बोर्ड, बुद्धिबळाचा बोर्ड हे सगळे सरळ तिथूनच आले. पुढे लाकूड गेलं, नाव राहिलं, म्हणून मदरबोर्ड आणि कीबोर्ड.

सगळ्यात जास्त अर्थ फुटले ते जेवणाच्या टेबलापाशी. मध्ययुगात इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत जेवणाच्या वेळी सुट्या लाकडी टेकूंवर लांब फळ्या टाकत आणि जेवणं उरकली की त्या काढून ठेवत. म्हणजे फळी हेच टेबल. मग त्या टेबलावरचं जेवणही बोर्ड झालं. 'बोर्ड अँड लॉजिंग' यात राहणं आहे ते लॉजिंगमध्ये. बोर्ड म्हणजे जेवणखाण. हॉटेलचं बुकिंग करताना 'फुल बोर्ड' दिसलं तर भाड्यात नाश्ता आणि दोन्ही जेवणं धरलेली असतात, 'हाफ बोर्ड' असेल तर नाश्ता आणि एकच जेवण. हे माहीत नसेल तर बिलाच्या वेळी घोळ होतो.

त्याच टेबलाभोवती विचारविनिमयाला बसणारी माणसंही बोर्ड झाली. कंपनीचं संचालक मंडळ किंवा परीक्षा घेणारं मंडळ, दोन्ही इथलेच. आपण 'कबर्ड' म्हणतो त्या शब्दाचं स्पेलिंग नीट बघा, त्यात कप आणि बोर्ड अख्खे आहेत. आधी ते पेले मांडून ठेवायचं टेबल होतं. दारं असलेलं कपाट हा अर्थ नंतरचा. 'अबव्ह बोर्ड' म्हणजे उघड, स्वच्छ व्यवहार. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे.

आता जहाज. जुन्या इंग्रजीत जहाजाच्या कडेलाही बोर्डच म्हणत. हा मुळात वेगळा शब्द होता आणि नंतर दोन्ही एकमेकांत मिसळले, असं काही कोशकार मानतात. 'ओव्हरबोर्ड' म्हणजे ती कड ओलांडून थेट पाण्यात. जहाजावरून हा शब्द आगगाडीत आणि विमानातही गेला. मला यातला सर्वांत आवडता शब्द 'स्टारबोर्ड', जहाजाची उजवी बाजू. त्याचा ताऱ्यांशी काही संबंध नाही. जुन्या जहाजांना दिशा द्यायचं वल्हं उजव्या अंगाला असे, म्हणून ती 'स्टिअर' करायची बाजू. डावीकडचं नाव होतं 'लारबोर्ड'. वाऱ्यावादळात ओरडून हुकूम देताना हे दोन शब्द सारखेच ऐकू यायचे, आणि तिथे चुकणं परवडण्यासारखं नव्हतं. ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये 'लारबोर्ड' बंद करून 'पोर्ट' हा शब्द ठरवून दिला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. 'शी इज ऑन द बोर्ड' म्हणजे ती संचालक मंडळावर आहे. 'शी इज ऑन बोर्ड' म्हणजे ती जहाजात किंवा विमानात चढली आहे. ऑफिसात हेच वाक्य ऐकलं तर तिला बेत मान्य आहे आणि ती आपल्यासोबत आहे, असा अर्थ घ्यायचा. 'द' असला की मंडळ, नसला की जहाज, हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो. एक ठिकाण सांभाळा. 'गो बाय द बोर्ड' मध्ये 'द' असूनही बोर्ड जहाजाचाच आहे. डोलकाठी मोडून कडेवरून समुद्रात पडली की खलाशी असं म्हणत, आणि आज एखादी योजना बारगळली किंवा नियम धाब्यावर बसले की हेच म्हणतात.